केमोचे उपचार संपल्यावर घरातले नियम केव्हा आणि कसे सैल करावेत?

कृष्णाकाठची आई (सातारा जिल्हा)

नमस्कार. माझा मुलगा आता सात वर्षांचा आहे. त्याला चार वर्षे पूर्ण होण्याआधीच ‘अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया’, म्हणजे रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले. सुरुवातीचे कडक केमोथेरपीचे टप्पे आम्ही मुंबईत राहून पूर्ण केले आणि नंतर मेंटेनन्सच्या, म्हणजे घरी राहून औषधे घेण्याच्या, काळात गावाहून ये-जा केली. उपचार संपून आता आठ महिने झाले आहेत. औषधे थेट रक्तात देण्यासाठी छातीत बसवलेला पोर्ट काढला आहे, रक्ताचे अहवाल चांगले आहेत आणि गेल्या भेटीत डॉक्टरांनी “आता त्याला इतर मुलांसारखे वाढवा” असे सांगून पुढची तारीख दिली. अडचण तिथूनच सुरू झाली आहे. इतर मुलांसारखे वाढवायचे म्हणजे काय, हे या घरातल्या कोणालाच नीट ठाऊक नाही, कारण आजारपणापूर्वी तो इतका लहान होता की त्याला वळण लावण्याची खरी वेळच आली नव्हती.

उपचारांच्या काळात घराला काही नियम लागले आणि ते आम्ही काटेकोरपणे पाळले. पाणी उकळून गार केलेले, फळे सालीची आणि तीही घरी सोललेली, बाहेरचा घास नाही, लग्नकार्याला जाणे नाही, दारात येणाऱ्याने आधी हात धुवायचे. थर्मामीटरचा पारा १००.४ च्या वर गेला की वेळ कोणतीही असो, गाडी काढून रुग्णालय गाठायचे. हे सगळे त्या वेळी आवश्यकच होते. पण आज त्यातला एकही नियम घरातून बाहेर पडलेला नाही. त्याला नुसती शिंक आली तरी माझ्या सासूबाई देवापाशी जाऊन बसतात, आणि मी वरवर धीर देत असले तरी रात्री उठून त्याच्या कपाळाला हात लावून पाहते.

दुसरी गोष्ट त्याच्या वागण्याची. स्टिरॉइडच्या दिवसांत त्याला अनावर भूक लागायची. मध्यरात्री उठून बटाटेवडा नाहीतर वरणभात मागायचा आणि आम्ही तो करून द्यायचो, कारण बाकीचे दिवस तो काहीच खात नसे. ती औषधे बंद झाली, मागण्या मात्र चालूच राहिल्या. हवे ते मिळाले नाही की ताट ढकलतो. मी आवाज चढवला तर सासूबाई मध्ये पडतात आणि “एवढे सोसले आहे लेकराने, त्याला बोलू नकोस” म्हणतात. परत आलेले त्याचे केससुद्धा कापायला त्या तयार नाहीत. तुळजापूरचा नवस फेडल्याशिवाय कात्री लागणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांच्याशी मी भांडू इच्छित नाही. आम्ही दोघे मुंबईत असताना हे घर त्यांनी एकटीने सांभाळले आहे.

तिसरी आणि मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट माझ्या मुलीची आहे. ती अकरा वर्षांची आहे. त्या सगळ्या काळात ती बरेच महिने कराडला माझ्या बहिणीकडे होती. ती कधीच तक्रार करत नाही, अभ्यासात चांगली आहे, आणि सगळे तिला शहाणी म्हणतात. मागच्या महिन्यात तिच्या वर्गशिक्षिकांचा दूरध्वनी आला की मुलीला चांगलाच ताप आहे, तिला घेऊन जा. तो आदल्या रात्रीपासून होता, असे नंतर कळले. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “आपल्या घरात ताप म्हटले की सगळे घाबरतात, म्हणून सांगितले नाही.”

आता जूनमध्ये मुलाची शाळा नियमित सुरू करायची आहे. पहिलीत त्याचे नाव होते, पण प्रत्यक्ष शाळा फारच थोडी झाली. वयाप्रमाणे दुसरीत बसवावे, की पुन्हा पहिलीत? शाळेला आजाराबद्दल किती सांगावे? त्यालाही किती सांगावे? तो स्वतःच्या आजाराला अजून “रक्तातला ताप” एवढेच म्हणतो.

औषधोपचारांबद्दल आमचे डॉक्टर आहेतच. पण ज्यांनी असे मूल घरी परत आणून पुढे वाढवले आहे, त्यांच्याकडून ऐकण्याची फार गरज वाटते.

---

बालरोगतज्ज्ञ, कोल्हापूर

आपण पाळलेले नियम एकाच कारणाने आलेले नव्हते, म्हणून ते एकाच दिवशी जाणारही नाहीत. प्रत्येक नियमामागचे कारण शिल्लक आहे का, एवढे पाहिले तर बराच गुंता सुटेल.

मेंटेनन्सच्या काळात मूल रोज ६-मर्कॅप्टोप्युरिन आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेते, आणि या औषधांची मात्रा अशीच ठरवलेली असते की संसर्गाशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी नेहमीपेक्षा कमी राहाव्यात. तेव्हाचा साधा ताप हा खरोखरच धोक्याचा इशारा होता, विशेषतः पोर्ट शरीरात असताना, कारण त्यातून जंतू थेट रक्तात जाऊ शकतात. औषधे थांबल्यावर पेशींची संख्या काही आठवड्यांत वर येते, परंतु प्रतिकारशक्ती पूर्ववत व्हायला साधारणपणे सहा महिने ते एक वर्ष लागते. आपला मुलगा त्या कालावधीच्या उत्तरार्धात आहे आणि पोर्टही निघाला आहे. त्यामुळे आता सर्दीबरोबर आलेला ताप हा बहुतेक वेळा सर्दीचाच ताप असतो. गावातल्या डॉक्टरांना दाखवून, पॅरासिटामॉल देऊन, मूल खेळते-खाते आहे का हे पाहत थांबता येते. रात्री झोपलेल्या मुलाचा ताप पाहणे सोडून द्यावे. त्याला बरे वाटत नसेल तर तो सांगेल, सात वर्षांचा आहे.

याचा अर्थ लक्ष ठेवायचे नाही असा मुळीच नाही. आजार उलटण्याची शक्यता उपचार संपल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत अधिक असते आणि पुढे ती झपाट्याने कमी होत जाते. म्हणून चेहरा पांढुरका पडणे, मार न लागता अंगावर लाल-निळे ठिपके उठणे, रात्री झोपेतून उठवणारी हाडांची दुखणी, लांबलेला ताप, वाढत्या गाठी, सकाळच्या उलट्यांसह डोकेदुखी, आणि मुलग्यांच्या बाबतीत वृषणाला आलेली न दुखणारी सूज, यांपैकी काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जिथे उपचार झाले त्या केंद्राला कळवावे. शेवटचे लक्षण आईवडील संकोचाने सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिले. आंघोळ घालताना सहज लक्ष जाते, त्यासाठी वेगळी तपासणी मांडायची गरज नाही.

पाण्याचे आणि हात धुण्याचे नियम राहू द्यावेत, पण ते सर्वांसाठी असावेत. ते केवळ त्याच्यासाठी आहेत ही जाणीव गेली पाहिजे. सालीचीच फळे, लग्नाला बंदी, पाहुण्यांना दारात थांबवणे, हे आता थांबवता येईल. बाहेरचे खाणे म्हणाल तर उघड्यावरचा बर्फाचा गोळा मी कोणत्याच मुलाला देणार नाही, पण समोर तळलेला गरम वडा खाल्ल्याने काही बिघडणार नाही.

लसीकरणाचा विषय निघालेला दिसत नाही, म्हणून सांगतो. केमोथेरपीमुळे आधी दिलेल्या लसींचे संरक्षणही कमी झालेले असू शकते. निष्क्रिय लसींचे फेरडोस आणि दरवर्षीची फ्लूची लस, तसेच गोवर-गालगुंड-रुबेला व कांजिण्या यांच्या जिवंत लसी, ज्या उपचार संपून साधारण सहा महिने झाल्यावर आणि पेशी सुधारल्याची खात्री करूनच देतात, या सर्वांचे वेळापत्रक आपल्या कर्करोगतज्ज्ञांकडून लिहून घ्यावे. शाळा सुरू होण्यापूर्वी हे काम व्हावे.

आता वागण्याविषयी. मॉरिस ग्रीन आणि अल्बर्ट सॉल्निट या दोन अमेरिकी डॉक्टरांनी १९६४ मध्ये अशा मुलांवर एक निबंध लिहिला, ज्यांच्या आईवडिलांनी एकेकाळी मूल दगावणार असेच धरले होते आणि मूल मात्र बरे झाले. अशा घरांत पुढे काय दिसते, याची त्यांनी नोंद केली: मूल आणि आई एकमेकांपासून दूर राहू शकत नाहीत, मुलाला वयापेक्षा लहान समजून वागवले जाते, शरीराच्या किरकोळ तक्रारींची सतत धास्ती राहते आणि मूल शाळेत मागे पडते. साठ वर्षे उलटून गेली, तरी माझ्या ओपीडीत ही चारही लक्षणे असलेली कुटुंबे आजही येतात. मुलाचा आजार केव्हाच बरा झालेला असतो, आणि तपासणीच्या टेबलावर मात्र आई त्याच्या बुटाची नाडी बांधत असते.

स्टिरॉइडने भूक आणि चिडचिड वाढते हे खरे आहे. पण त्याचा परिणाम औषध थांबल्यावर ओसरतो. आठ महिन्यांनंतर ताट ढकलणे हे औषधामुळे नाही. तेव्हा मागण्या पुरवणे योग्यच होते. आता मात्र जेवणाची वेळ सर्वांची एक ठेवावी, ताट ढकलले तर ते उचलून ठेवावे आणि पुढचे खाणे पुढच्या वेळीच मिळावे. पहिला आठवडा कठीण जाईल. या मुलांमध्ये पुढे वजन वाढण्याची प्रवृत्ती असते, त्यामुळे मध्यरात्रीचे खाणे थांबणे त्याच्या प्रकृतीच्याही हिताचे आहे. दातांकडेही लक्ष असू द्यावे, कारण पाच-सहा वर्षांच्या आत केमोथेरपी मिळालेल्या मुलांच्या कायमच्या दातांचे वेष्टण आणि मुळे कधी कधी कमकुवत राहतात.

एक कागद मात्र आजच मागून घ्या. कोणती औषधे दिली, डॉक्सोरुबिसिन किंवा डॉनोरुबिसिन यांची एकूण मात्रा किती झाली, रेडिएशन दिले की नाही, हे सर्व एका पानावर लिहिलेला उपचारांचा सारांश. या दोन औषधांचा हृदयावर उशिरा परिणाम होऊ शकतो आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, किती वर्षांनी करायचा हे त्या मात्रेवरून ठरते. तो वीस वर्षांचा होऊन दुसऱ्या शहरात नोकरीला लागेल तेव्हाही नव्या डॉक्टरांना हाच कागद लागेल. आज त्याने धावावे, सायकल चालवावी, विहिरीत पोहायला शिकावे. तज्ज्ञांनी मनाई केली नसेल तर आपण करू नये.

---

सोलापूरची आजी

मी स्वतः आजी आहे, म्हणून आपल्या सासूबाईंच्या बाजूने थोडे लिहिते. माझ्या नातवाच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होते आणि तो दोन वर्षांचा असताना शस्त्रक्रिया झाली. आज तो नववीत आहे आणि कबड्डी खेळतो. त्या शस्त्रक्रियेनंतर सून आणि मुलगा दर खेपेला डॉक्टरांना भेटून यायचे आणि घरी येऊन मला सांगायचे की सगळे ठीक आहे. ‘सगळे ठीक आहे’ हे वाक्य मी त्या मुलांच्या तोंडून शस्त्रक्रियेच्या आधीही ऐकले होते. मग त्यावर विश्वास कसा बसणार? पुढे एकदा सुनेने मला बरोबर नेले. डॉक्टरांनी नातवाला माझ्यादेखत जिना चढायला लावले, छाती तपासली आणि मला म्हणाले, “आजी, याला पळू द्या.” ते त्यांनी सांगितल्यावर मला पटले. सुनेने तेच शंभरदा सांगितले असते तरी पटले नसते, आणि यात सुनेचा काही दोष नाही.

म्हणून पुढच्या तारखेला सासूबाईंना मुंबईला घेऊन जा. त्यांना जे विचारायचे असेल ते त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या, केसांचेसुद्धा.

दुसरे असे की, त्यांच्या हातचे नियम काढून घेताना त्यांच्या हाताला दुसरे काम द्या. इतकी वर्षे त्या मुलाच्या जिवाची राखण करत आल्या. ते एकदम थांबवले तर त्या काय करणार? मला नातवाला शाळेत पोचवायचे आणि येताना भाजी घेऊन यायचे काम दिले होते. त्या निमित्ताने इतर मुलांच्या आज्या भेटल्या, त्यांची नातवंडेही दर पावसाळ्यात खोकतात हे कळले आणि माझी निम्मी भीती तिथेच गेली.

नवसाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. तो लवकर फेडून टाकावा. नवरात्राच्या गर्दीत जाऊ नये, मधला एखादा साधा वार पाहावा, सकाळी लवकर दर्शन घ्यावे आणि तिथून परत येताना केस कापावेत. जुन्या माणसाच्या मनात नवस फिटला की दुखणे संपते, त्याआधी नाही. डॉक्टरांच्या अहवालाने तुमचे समाधान होते, तसे आमचे यानेही होते.

मुलीबद्दल एकच सांगते. तिला शहाणी म्हणणे कमी करा. शहाण्या पोरीला काही मागता येत नाही.

---

जिल्हा परिषद शिक्षक, अहिल्यानगर जिल्हा

वर्गाच्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे: दुसरीत बसवावे. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि एप्रिल २०१० पासून लागू आहे. ज्या मुलाचे शिक्षण राहून गेले असेल त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळावा आणि इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळावे, अशी तरतूद त्याच्या कलम ४ मध्ये आहे. शाळेने आढेवेढे घेतले तर मुख्याध्यापकांना या कलमाची आठवण करून द्यावी, बहुतेक वेळा त्यापुढे जावे लागत नाही. अक्षरओळख आणि बेरीज-वजाबाकी मागून भरून काढता येते, पण आपल्यापेक्षा लहान मुलांत बसवले गेल्याची भावना मुलाच्या मनात बराच काळ राहते, असे माझ्या पाहण्यात आहे.

माझ्या वर्गात काही वर्षांपूर्वी असाच एक विद्यार्थी होता. त्याच्या बाबतीत जाणवलेल्या दोन गोष्टी सांगतो. एक, त्याचा हात लिहिताना लवकर दुखायचा. व्हिनक्रिस्टीन नावाच्या औषधाने नसांवर परिणाम होतो आणि तो हळूहळू भरून येतो, हे त्याच्या वडिलांनी मला सांगितले नसते तर मी त्याला आळशी ठरवून मोकळा झालो असतो. फळ्यावरचे सगळे उतरवून घेण्याऐवजी त्याला निम्मे लिहायला आणि निम्मे तोंडी सांगायला लावले. दोन, एका वेळी दोन-तीन सूचना दिल्या की त्याचा गोंधळ व्हायचा. एकेक दिली तर उत्तम करायचा. गणितात वेळ जास्त लागायचा. पाठीतून दिलेल्या औषधांमुळे काही मुलांना असे होते, असे त्यांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिले होते. अशी एक चिठ्ठी आपणही आणून द्यावी, आम्हा शिक्षकांना तिचा फार उपयोग होतो.

शाळेला सगळे सांगावे, असे माझे म्हणणे आहे, आणि वर्गातल्या मुलांनाही सांगावे. मुले विचारणारच, छातीवरचा व्रण पाहून तर नक्कीच. त्यांचा पहिला प्रश्न असतो, “आम्हाला होईल का?” हा आजार कोणापासून कोणाला लागत नाही, एवढे सरळ उत्तर शिक्षकाने वर्गात दिले की त्यांची उत्सुकता दोन दिवसांत संपते. न सांगितल्यास घरून भलतेच काहीतरी ऐकून येतात आणि मग डब्याच्या वेळी त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते.

मात्र “त्याला कोणी धक्का लावू नका” अशी सूचना शिक्षकाने देऊ नये, आणि पालकांनीही ती द्यायला सांगू नये. अशी सूचना ऐकल्यावर वर्ग त्याला खेळायलाच घेत नाही. त्याला खडू आणायला पाठवावे, रांगेत उभे करावे, गृहपाठ नसेल तर इतरांइतकेच बोलावे. शालेय पोषण आहाराची खिचडी समोर शिजते आणि गरम वाढली जाते, ती त्याने सर्वांबरोबर बसून खावी. पालक डबा देतात तो काळजीपोटी, हे समजते. पण खिचडीच्या पंगतीत जी मैत्री होते ती डब्याने होत नाही.

---

मीही त्यातूनच गेलेली (नागपूर)

ताई, मी आता महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला पाचव्या वर्षी हाच आजार झाला होता, म्हणून गुरुजींच्या एका मुद्द्यावर थोडे वेगळे मत मांडते. वर्गाला सांगायचे की नाही, हे आधी मुलाला विचारावे. आजार त्याचा आहे. माझ्या शाळेत बाईंनी फार चांगल्या हेतूने सगळ्या वर्गासमोर माझे कौतुक केले, मी किती धैर्याने आजाराशी लढले वगैरे, आणि त्या दिवसापासून दहावीपर्यंत माझी ओळख तीच राहिली. मला चित्रे चांगली काढता येतात, हे फार थोड्यांना माहीत होते. वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक यांना सर्व माहिती असलीच पाहिजे. मुलांना किती सांगायचे हे तुमचा मुलगा आणि त्याचे शिक्षक मिळून ठरवू शकतील, सात वर्षांचे मूल इतके नक्की सांगू शकते.

त्यासाठी त्याला स्वतःला आजाराचे नाव माहीत हवे. मला ते कोणी सांगितले नव्हते. अकराव्या वर्षी एका लग्नात दूरच्या नातेवाईक बाई आईला विचारत होत्या, “हिचा कॅन्सर गेला ना पूर्ण?” आणि मी शेजारीच जेवत होते. पुढचे काही दिवस मला वाटत होते की मी मरणार आहे आणि हे मला सोडून सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या वयाला झेपेल असे सांगा: रक्त तयार करणाऱ्या जागेत बिघडलेल्या पेशी वाढल्या होत्या, त्याला ल्युकेमिया म्हणतात, तो एक प्रकारचा कॅन्सर आहे, औषधांनी त्या पेशी गेल्या, आणि त्या परत आल्या नाहीत ना हे पाहायला आपण मुंबईला जातो. तो त्यात काही चुकला म्हणून हे झाले नाही, हेही सांगा. मी खूप काळ असे समजत होते की मी लपूनछपून माती खायचे म्हणून मला आजार झाला.

तुमच्या मुलीबद्दल वाचून मला माझा दादा आठवला. तो तेव्हा मामाकडे होता. त्याला रोज फोनवर “ती बरी आहे” एवढेच ऐकायला मिळायचे. पुढे एका तपासणीच्या वेळी बाबा त्यालाही बरोबर घेऊन गेले. त्याने वॉर्डचा जिना पाहिला, मी कुठे बसायचे, रक्त कुठे द्यायचे ते पाहिले, नर्सताईंशी बोलला. परतीच्या प्रवासात त्याने बाबांना इतके प्रश्न विचारले की बाबा थकले. त्या दिवसानंतर तो माझ्यावर मोकळेपणाने चिडायला लागला, आणि खरे सांगायचे तर मला ते फार आवडले, कारण तोपर्यंत घरात माझ्याशी कोणी भांडतच नव्हते. मुलीला एकदा घेऊन जा. बक्षीस म्हणून मुंबई दाखवायला नव्हे. तिच्या भावाच्या त्या दिवसांत काय घडत होते ते तिला कळावे म्हणून. आणि तिला ताप आला तर तिचाही मोजा, तिच्या उशाशीही बसा, पण डोळ्यांत पाणी न आणता.

थोडी व्यवहाराची माहिती. रेल्वेची कर्करुग्णांसाठीची सवलत उपचारांसाठी असते तशीच नियमित तपासणीच्या प्रवासासाठीही असते. रुग्णालयाचे ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र दाखवले की स्लीपर आणि थ्री टायर एसीमध्ये रुग्णाला भाडे लागत नाही आणि बरोबरच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सूट मिळते. तुमच्या मुलीच्या आणि आजींच्या तिकिटाला मात्र ही सवलत नाही! मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळे ‘एसीटी क्लिनिक’ चालते, आणि इंडियन कॅन्सर सोसायटीचा ‘उगम’ हा आमच्यासारख्या बऱ्या झालेल्यांचा गट आहे. तुमचा मुलगा मोठा झाल्यावर त्याला तिथे त्याच्यासारखे खूप जण भेटतील. तुम्ही दोघांनी मात्र आताच एखाद्या अशा आईवडिलांना भेटावे, ज्यांचे मूल कॉलेजात जाते आणि घरी उशिरा येते म्हणून त्यांच्या शिव्या खाते.

---

कृष्णाकाठची आई (सातारा जिल्हा)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे मी यजमानांना वाचून दाखवली आणि आजींचे उत्तर सासूबाईंनाही. त्यावर त्या इतकेच म्हणाल्या, “त्या सोलापूरच्या बाईंना माझे बरोबर कळले.” पुढच्या तारखेला आम्ही पाचही जण जाणार आहोत. नवसासाठी श्रावणाआधीचा एखादा दिवस पाहतो आहोत.

ताट उचलण्याचा प्रकार कालपासून सुरू केला. काल रात्री तो उपाशी झोपला आणि सासूबाई त्यांच्या खोलीतून बाहेर आल्या नाहीत, ही माझ्या दृष्टीने मोठीच गोष्ट आहे. आज सकाळी त्याने दोन भाकऱ्या खाल्ल्या.

आजाराचे नाव सांगण्याचे काम त्याच्या बाबांनी अंगावर घेतले आहे. मुलीने विचारले की ते सांगत असताना मीही तिथे बसू का. आम्ही हो म्हटले.

डॉक्टरांना एकच विचारते. लसींचे वेळापत्रक मिळायला पुढची तारीख उजाडेल आणि ती शाळा सुरू झाल्यानंतरची आहे. आमच्या भागात या दिवसांत कांजिण्यांची साथ असते. तोपर्यंत त्याला शाळेत पाठवायचे थांबवावे का?

---

बालरोगतज्ज्ञ, कोल्हापूर

शाळा थांबवू नये. लसींसाठी पुढच्या तारखेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. केंद्राला फोन किंवा ईमेल करून ताज्या रक्ततपासणीचा अहवाल पाठवला तर ते लसींची यादी कळवू शकतात आणि गावातले बालरोगतज्ज्ञ त्या देऊ शकतात. वर्गशिक्षकांना इतकेच सांगून ठेवावे की शाळेत कोणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी आपल्याला कळवावे. लस होण्याआधी तसा संपर्क आला तर त्याच दिवशी केंद्राशी बोलावे. अशा वेळी गरजेप्रमाणे अ‍ॅसायक्लोव्हिर हे कांजिण्यांच्या विषाणूवरचे औषध किंवा तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन देता येते आणि त्यात लवकर कळवण्याला महत्त्व असते. अंगावर फोड उठेपर्यंत थांबू नये.

आपल्या मुलीला कांजिण्या येऊन गेल्या नसतील आणि लसही झाली नसेल, तर तिलाही ती द्यावी. त्यासाठी भावाच्या वेळापत्रकाची वाट पाहण्याची गरज नाही, ती याच आठवड्यात घेता येईल. लस घेतल्यावर क्वचित अंगावर बारीक पुरळ उठते. तसे झाले तर ते जाईपर्यंत दोघांना वेगळे झोपवावे आणि केंद्राला कळवावे.